चौथ्या मशीनमधलं नाणं

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, असं दादा लहानपणापासून म्हणत आलाय. खोटं कशाला बोलू, नाहीच भिजत. शेजारणीने सुनेचं काय सांगितलं ते मी जिना उतरायच्या आत दोघींना सांगून मोकळी होते. पण एक गोष्ट मी आठ महिने पोटात ठेवली. ती बाहेर काढायची वेळ आली तेव्हा, ज्या तोंडाला कधी कुलूप लागलं नाही, ते नेमकं त्याच वेळी मिटून बसलं.

दादा आणि मी नाणी जमवतो. सगळी नाही. देशात काही मोठं घडलं की त्याच्या आठवणीसाठी टाकसाळ वेगळी नाणी काढते आणि साध्या नाण्यांत मिसळून बाजारात सोडते, तेवढीच. पहिल्या निवडणुकीचं, मोठ्या पुलाचं, राज्यघटनेच्या पन्नाशीचं. लोक ती हातात आली तरी बघत नाहीत, बसच्या तिकिटाला देऊन टाकतात. मी सात वर्षांची असताना दादाने नियम घातला होता: विकत घ्यायचं नाही. हातोहात फिरत आपल्यापर्यंत आलेलंच नाणं घ्यायचं, आणि त्याच्या जागी आपलं साधं ठेवायचं. दादा तीस वर्षं तिकीट खिडकीवर बसला, मी घरासमोर रस्त्यापलीकडच्या लॉन्ड्रीत आहे. आमच्याकडे बारा मशीन, प्रत्येकात नाणं टाकलं की धुणं सुरू. म्हणजे दोघांच्याही हाताखालून नाण्यांचा पूर वाहत होता, आणि आम्ही बगळ्यासारखे काठावर उभे.

नाणी ठेवायला दादाने लाकडी तक्ता केलाय. त्याला नाण्याच्या मापाची गोल भोकं. पुढच्या बाजूला घटना आणि साल. मागच्या बाजूला, प्रत्येक भोकाच्या पाठीशी, बारीक अक्षरात तारीख आणि ते कुठे, कोणाच्या हातून सापडलं ते. 'भाजीवाल्याकडून, सुट्टे परत घेताना.' 'धाकटीला रस्त्यात, पावलाखाली.' धाकटी म्हणजे मी. आता साठीला टेकले तरी त्याच्यासाठी धाकटीच.

एकोणीस वर्षं एकच भोक रिकामं होतं. लढाई थांबली त्याच्या आठवणीचं, युद्धबंदीच्या नाण्याचं. मध्ये पिवळा धातू, भोवती पांढरं कडं. पाडता पाडता साचा फुटला म्हणून थोडीच निघाली. वहिनी गेली त्या वर्षी दादा त्या भोकावरून नुसता अंगठा फिरवत बसायचा. मला ते बघवेना. शेवटी मी नाणेवाल्याच्या दुकानात गेले, कानातल्या कुड्या विकल्या आणि युद्धबंदीचं नाणं विकत घेतलं. घरी येऊन ओरडले, "दादा, चौथ्या मशीनमध्ये काय सापडलं बघ!"

दादा रडला. खरंच रडला. मग तक्ता उलटा करून लिहिलं: 'धाकटीला, लॉन्ड्रीत, चौथ्या मशीनमध्ये.' त्या दिवसापासून आल्या-गेल्याला तीच गोष्ट. पोस्टमन, मीटर बघणारा, डोळ्यांचे डॉक्टर, कोणी सुटलं नाही. दरवेळी मी कौतुकाने हसायचे. एक खोटं लपवायला दहा खोटी लागतात म्हणतात. माझ्या खोट्याला दादाच पाय लावून देत होता, मला काही करावंच लागत नव्हतं.

मग नाणी जमवणाऱ्यांच्या मंडळाने प्रदर्शन ठरवलं. रविवारी. दादाने तक्ता घेऊन यावं आणि चौथ्या मशीनची गोष्ट सगळ्यांना सांगावी असं बोलावणं आलं. तो नवा शर्ट घेऊन आला. माझ्या तोंडचं पाणी पळालं. दादाचे डोळे आता अधू आहेत, पण त्या मंडळातले म्हातारे घारीच्या डोळ्यांचे. माझं नाणं कधी बाजारात फिरलंच नव्हतं. पाकिटातून निघून तक्त्यात गेलेलं, अक्षरं अजून धारदार. कोणीतरी भिंग लावणार आणि भरसभेत म्हणणार, "अहो, हे कसलं मशीनमधलं? हे तर विकतचं." आणि माझा दादा, ज्याने आयुष्यात एका प्रवाशाला चुकीचं तिकीट दिलं नाही, तो तिथे नव्या शर्टात खोटारडा ठरून उभा राहणार.

मग मी काय केलं असेल? सांगायला लाज वाटते. नाणं झिजवायचं ठरवलं. गुपचूप तक्त्यातून काढलं, किल्ल्यांच्या जुडग्याबरोबर एका मोज्यात घातलं, गाठ मारली आणि सुकवायच्या मशीनमध्ये तासभर फिरवलं. कर्म माझं! संध्याकाळी दादा फिरायला गेल्यावर त्याच्या टेबलावर बसून त्याच्याच भिंगाखाली बघायला गेले. त्या भिंगाला छोटा दिवा आहे. दिवा लागेना. खणातून नवा सेल काढला, चपटा, नाण्यासारखा गोल असतो तो, आणि भिंगात बसवला. नाणं अजून चकचकीतच होतं. तेवढ्यात दादाची जिन्यावर चाहूल लागली. मी नाणं ॲप्रनच्या खिशात टाकलं, तक्ता कपाटात ढकलला. उद्या आणखी एकदा फिरवायचं आणि दुपारी, तो बघायच्या आत, परत ठेवायचं. जुन्या सेलचा विचारही मनात आला नाही.

दुसऱ्या दिवशी नेमकं सातवं मशीन गळायला लागलं, आणि दुपारी घरी जायचं राहून गेलं. सव्वादोन वाजले असतील. पाणी पुसत होते तेवढ्यात लॉन्ड्रीचं दार धाडकन उघडलं. दादा. पायात चप्पल नाही, कडेवर मुंगी.

मुंगी म्हणजे दादाची नात, अजून तीन पूर्ण नाही. हाताला लागेल ते उचलते आणि कुठेतरी नेऊन ठेवते, बहुतेक तोंडात, म्हणून मुंगी. तिच्या तोंडातून लाळ गळत होती आणि ती मूठ छातीच्या वर दाबून धरत होती. रडत नव्हती. तेच वाईट होतं. ही पोरगी नख कापलं तरी गाव गोळा करते.

"नाणं गिळलं गं हिने! मी दार उघडायला गेलो, तक्ता टेबलावर होता. धाकटे, गाडी काढ!"

लॉन्ड्रीच्या गाडीत मळक्या चादरींच्या गठ्ठ्यांवर दोघांना बसवलं आणि मी सुसाट सुटले. आणि आता खरं सांगते, कारण आता लपवून काय करू: मला भीती मुंगीची नव्हती वाटत. नाणी पोरं गिळतातच, दोन दिवसांत बाहेर पडतात, भाच्याने, मुंगीच्या बापाने, लहानपणी दोन गिळली होती. मला भीती होती की दादाने तक्ता बाहेर काढलाय, म्हणजे युद्धबंदीचं भोक रिकामं आहे हे त्याला दिसलं असणार. चोराच्या मनात चांदणं. नाणं माझ्या खिशात मांडीला टोचत होतं आणि आरशात मला दादाचा चेहरा दिसत होता. तो मुंगीच्या पाठीवरून हात फिरवत होता.

इस्पितळात आत घेतलं. मला खिडकीवर फॉर्म भरायला पाठवलं. नाव, वय, काय झालं. मी लिहिलं: नाणं. सूनबाई, मुंगीची आई, शाळेत शिकवते, तिला फोन लावला, ती निघालीच. मग लांबलचक बोळातून धावत त्या खोलीत पोचले.

खोलीत प्रकाशाच्या पाटीवर मुंगीच्या छातीचा एक्स-रे लावलेला. कोवळ्या फासळ्या, आणि गळ्याच्या खाली एक पांढरा गोल. त्या गोलाच्या आत आणखी एक गोल. मुंगी नर्सच्या मांडीवर होती, हुंकारल्यासारखा आवाज करत. डॉक्टर मुलगी तरुण, डोळ्यांखाली काळं, पण दादा तिला चक्क हसवत होता.

"अहो, भोकच रिकामं आहे ना! अख्ख्या तक्त्यात एकच रिकामं, युद्धबंदीचं. दोन धातूंचं असतं ते, आत पिवळा, बाहेर पांढरा. म्हणून फोटोत हे दोन गोल. एकोणीस वर्षं अख्खा देश पालथा घातला त्या नाण्यासाठी, आणि आमच्या कार्टीने एका घोटात घेतलं!"

"मी बॅटरीचं विचारलं, कारण त्याही अशाच दिसतात," डॉक्टर म्हणाली. "बाजूने फोटो घेतला होता, पण ती हलली, नीट आला नाही."

"छे छे. आमच्या घरी बॅटरीचं खेळणंच नाही. नाणंच आहे. माप सांगू का तुम्हाला?"

"ठीक आहे. नाणं असेल तर घाई नाही. उद्या सकाळपर्यंत वाट बघू. खाली सरकलं तर उत्तमच, नाहीतर दुर्बीण घालून काढू."

समोर भिंतीवर घड्याळ होतं. तीन वाजून सात मिनिटं झाली होती. मला अजून डोळ्यांपुढे दिसतं ते.

दादाचं बोलणं ऐकून माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल? सुटले! देवाशपथ, हेच आलं. नाणं मुंगीने गिळलं, आता ते झिजलेलं असो की नवं, रविवारी कोण भिंग लावणार? झाकली मूठ सव्वा लाखाची. मी चक्क मोठा श्वास सोडला. हात आपोआप खिशात गेला. बोटांना नाणं लागलं.

मग पाटीवरचा तो पांढरा गोल काय आहे?

कालची संध्याकाळ आठवली. टेबल दिसलं. भिंग दिसलं, त्याची डबी दिसली, आणि डबीच्या शेजारी मी काढून ठेवलेला जुना सेल. तो उचलला होता का मी? फेकला होता? नाही. नाही उचलला. दादाला तो दिसला नसणार, त्याला ताटातली माशी दिसत नाही.

बोल गं सटवे, मी मनात म्हणाले. तोंड उघडेना. मी दादाकडे बघत होते. तो नर्सला चौथ्या मशीनची गोष्ट सांगायला लागला होता. "ही माझी धाकटी बहीण, हिलाच सापडलं ते." नर्सने माझ्याकडे बघून मान हलवली. आणि मी, मी हसले. सवयीने.

जुना सेल आहे, विझलेला, त्यात काय जीव उरला असेल, असं मी स्वतःला सांगून बघितलं. मग अर्धवट खरं सांगायचं ठरवलं. म्हणजे साप मरेल आणि काठीही तुटणार नाही.

"डॉक्टर," मी म्हणाले, "टेबलावर एक सेल पण होता. भिंगाच्या दिव्यातला. जुना. विझलेला."

डॉक्टरचं हसू गेलं. "विझलेला म्हणून काय झालं? दिवा लागत नाही तरी आत जाळण्याएवढा जोर असतो त्यात. घरी कोणी आहे? सेल जागेवर आहे का बघायला सांगा."

"घरी कोणी नाही," दादा म्हणाला. "अगं धाकटे, काय घाबरवतेस पोरीला? सेल असेल तिथेच, नाहीतर खाली पडला असेल. एकच वस्तू गिळलीय ना? मग एकच वस्तू गेली पाहिजे. नाणं गेलंय. भोक रिकामं आहे, मी माझ्या बोटाने चाचपलंय!"

डॉक्टर त्याच्याकडे बघत होती, मग माझ्याकडे. तिलाही ते पटत होतं. कसं नाही पटणार? आमच्या घरात रिकामं भोक म्हणजे साक्षात पुरावा. मुंगीने मान मागे टाकली आणि खोकली. नर्सच्या पांढऱ्या बाहीवर लाळेबरोबर एक लालसर रेघ उमटली. बारीक, दोऱ्याएवढी.

मी खिशातून नाणं काढलं आणि डॉक्टरच्या टेबलावर ठेवलं.

"हे घ्या युद्धबंदीचं नाणं. माझ्याकडे होतं. कालपासून. दादा, मला ते मशीनमध्ये नाही सापडलं, मी विकत घेतलं होतं. तिच्या गळ्यात सेल आहे. डॉक्टर, सेल आहे तो, काढा हो, पाया पडते!"

पुढचं सगळं एकदम झालं. डॉक्टरने फोन उचलला, त्यात दोनच वाक्यं बोलली आणि मुंगीला स्वतःच उचलून धावली. "किती वाजता गिळलं?" दारातून ओरडली. दादा म्हणाला, "दोन. दोन वाजून पाच-सात." "दोन तासांच्या आत काढावी लागते ही बॅटरी!" आणि दार झुलत राहिलं.

बोळात आम्ही दोघं बाकावर बसलो. दादाच्या अनवाणी पायांना रस्त्याची धूळ होती, अंगठ्याला खरचटलेलं. सूनबाई धापा टाकत आली, तिने विचारलं, "काय झालं? फोनवर तर नाणं म्हणालात!" दादा म्हणाला, "बस." मी सांगायला तोंड उघडलं तर त्याने हात वर केला, नुसता. मला वाटत होतं त्याने ओरडावं. बोळभर ऐकू जाईल असं ओरडावं, थोबाडीत मारावी. तो समोरच्या दाराकडे बघत होता. दार उघडलं की तिघंही उठायचो आणि कोणी दुसराच ट्रॉली घेऊन बाहेर यायचा. असं पाच वेळा झालं. त्या भीतीला मी काय नाव देऊ?

चारला काही मिनिटं कमी असताना मोठे डॉक्टर बाहेर आले. सेल निघाला होता. छोट्या प्लास्टिकच्या डबीत, एका बाजूने काळा पडलेला. "आत भाजलंय," ते म्हणाले. "भोक नाही पडलं. नशीब समजा. आधी आला असतात तर कमी भाजलं असतं, उशिरा आला असतात तर आपण असं बोलत उभे नसतो." सूनबाई मटकन खाली बसली आणि रडायला लागली. मी विचारलं, "किती आधी?" डॉक्टर म्हणाले, "ते कोण सांगणार, आजी?"

मुंगी सोळा दिवस इस्पितळात होती. पहिले काही दिवस नाकातल्या नळीतून दूध. जिथे सेल चिकटला होता तिथे अन्ननलिका आकसलीय, वाढेल तशी सैल पडेल, नाहीतर रुंद करावी लागेल, एकदा किंवा कितीही वेळा. सूनबाईला मी सगळं सांगितलं. ती माझ्याशी बोलते, पण मुंगीला माझ्याजवळ सोडून अंघोळीलाही जात नाही, आणि तिचं चुकत नाही. मुंगी केळं खाते तेव्हा मी समोर बसते. घास तोंडात जातो, ती चावते, मान जराशी पुढे काढते, आणि गिळेपर्यंत माझा श्वास थांबलेला असतो. कधी कधी ती मुद्दाम थांबते आणि माझ्याकडे बघून हसते. तिला तो खेळ वाटतो.

दादा प्रदर्शनाला गेला नाही. माझ्यावर ओरडलाही नाही. बोलतो, चहा मागतो, मशीन दुरुस्त झालं का विचारतो. त्या दिवसाबद्दल अवाक्षर नाही. मी पाया पडले, माफी मागितली, तेव्हा म्हणाला, "पोरगी वाचली ना." मी म्हटलं, चला, मिटलं.

परवा कपाट पुसायला घेतलं. तक्ता हातात आला. युद्धबंदीच्या भोकात नाणं होतं. मला आश्चर्य वाटलं, कारण डॉक्टरच्या टेबलावरून ते कोणी उचललं हे मी कधी विचारलंच नव्हतं. तक्ता उलटा केला. 'चौथ्या मशीनमध्ये'ची ओळ ब्लेडने खरवडून काढलेली, लाकूड तिथे पांढुरकं दिसत होतं. त्यावर दादाच्या बारीक अक्षरात नवीन ओळ: 'धाकटीकडून, इस्पितळात, डॉक्टरांच्या टेबलावर.' खाली तारीख. आणि तारखेपुढे, जे त्याने आजवर एकाही नाण्याला लिहिलेलं नाही, ती वेळ. तीन वाजून अकरा मिनिटं.

म्हणजे तोही घड्याळाकडे बघत होता. सातपासून अकरापर्यंत, माझी चार मिनिटं. मी तक्ता परत कपाटात ठेवला. बाहेरून दादाने हाक मारली, "धाकटे, मुंगी जेवायला बसलीय गं." मी हात पुसले आणि तिच्यासमोर जाऊन बसले.